शाळेला मदत करणाऱ्या दुकानदारांचे आभार कसे मानावेत?

एका जिल्हा परिषद शाळेच्या शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. यंदा त्यांच्या गावातील १४ व्यावसायिकांनी शाळेला मदत केली. कोणी छताचे पंखे दिले, कोणी रंगाचे डबे, कोणी वह्या. एका वायरमनने तर मजुरी न घेता साऱ्या शाळेची वायरिंग नवी करून दिली. आता २६ जानेवारीला या सर्वांचे आभार मानायचे आहेत. समितीतील काही पालकांना शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह आणि चौकात मोठा फ्लेक्स हवा आहे, तर काहींच्या मते नुसती नावे वाचून टाळ्या वाजवल्या तरी पुरे. यांपैकी काय करावे, असे त्यांनी विचारले आहे.

मी सातारा जिल्ह्यात प्राथमिक शिक्षक, मुख्याध्यापक आणि अखेरची काही वर्षे केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटावर देखरेख करणारा अधिकारी, म्हणून काम केले असून लोकसहभागातून उभ्या राहिलेल्या पुष्कळ गोष्टी जवळून पाहिल्या आहेत. त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की सत्कार अवश्य करावा, पण तो साधा असावा, आणि सत्कार म्हणजेच आभार असे मात्र समजू नये. आपण दिलेल्या वस्तूचे पुढे काय झाले, हे कळावे अशी देणाऱ्याची मनापासून इच्छा असते. ते त्याला वेळेवर, खरेखुरे आणि न विचारता कळवणे, हेच शाळेने मानायचे आभार आहेत.

हे मला एका चुकीतून उमगले. मी नव्याने मुख्याध्यापक झालो होतो, तेव्हा गावातील एका हार्डवेअर दुकानदाराने मुलांच्या हात धुण्याच्या जागेसाठी सहा नळ, पाइप आणि सिमेंट दिले. आम्ही १५ ऑगस्टला त्यांना शाल आणि श्रीफळ दिले, भिंतीवर त्यांचे नाव रंगवले आणि आपले कर्तव्य संपले असे मानले. पुढे निवडणूक आली. आमची शाळा मतदान केंद्र असल्यामुळे ते मतदानाला आले, आणि रांग नेमकी त्या हात धुण्याच्या जागेवरून पुढे सरकत होती. सहापैकी चार नळ काढून तिथे लाकडी खुंट्या ठोकलेल्या होत्या आणि वर ठळक अक्षरांत त्यांचे नाव होते. मतदान करून बाहेर आल्यावर ते मला एवढेच म्हणाले, "गुरुजी, नळ गळायला लागले तेव्हा सांगायचं होतं. वायसर तर माझ्याकडे पडूनच असतात." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, आणि म्हणूनच ते मला अधिक लागले. त्या दिवसापासून मी देणगीदाराचे आभार मानण्याची माझी रीत बदलली.

ती रीत अशी आहे. वस्तू शाळेत पोहोचली की त्याच दिवशी तिची पावती द्यावी आणि डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या वस्तूंच्या नोंदवहीत, नोंद करावी. पावतीवर अनुक्रमांक, तारीख, वस्तूचे नाव, नग आणि मुख्याध्यापक व समितीचे अध्यक्ष या दोघांच्या सह्या असाव्यात. रंगाच्या डब्यासारखी संपणारी वस्तू असेल तर ती कोणत्या खोलीला लागली हेही लिहून ठेवावे. आठ-दहा दिवसांत, वस्तू प्रत्यक्ष वापरात आल्यावर, एक छोटे पत्र घेऊन समितीतील दोघांनी दुकानात जावे. व्हॉट्सअ‍ॅपवर हात जोडल्याचे चित्र पाठवणे सोपे असते, परंतु काउंटरवर हातात दिलेले पत्र दुकानदार गल्ल्याशेजारी काचेखाली ठेवतो आणि येणाऱ्या गिऱ्हाइकाला दाखवतो, हे मी अनेक वेळा पाहिले आहे. फक्त दुकानातील गर्दीची वेळ आणि आठवडी बाजाराचा दिवस टाळावा.

पत्र कसे लिहावे याबद्दल थोडे विस्ताराने सांगतो, कारण बहुतेक शाळांचे पत्र तिथेच फसते. "आपण केलेल्या बहुमोल सहकार्याबद्दल शाळा आपली शतशः ऋणी आहे, असेच सहकार्य यापुढेही मिळावे ही विनंती" हे वाक्य छापून चौदा जणांना दिले तर चौदापैकी कोणालाच ते आपल्यासाठी लिहिलेले वाटत नाही. शिवाय आभाराच्या पत्रात पुढची मागणी आली की आभार पातळ होतात. त्याऐवजी असे लिहून पाहावे: "स. न. वि. वि. आपण १२ नोव्हेंबर रोजी दिलेले चार पंखे इयत्ता तिसरी आणि चौथीच्या वर्गांत बसवले आहेत. दोन्ही वर्गांवर पत्रे असल्यामुळे उन्हाळ्यात दुपारच्या सुटीनंतर मुलांना बसणे कठीण होत असे. येत्या मार्चमध्ये प्रथमच ही ५३ मुले पंख्याखाली बसून परीक्षेची तयारी करतील. आपण शाळेत येऊन पाहावे, आम्हाला आनंद होईल." एवढे पुरे आहे. यात वस्तू आहे, जागा आहे, मुलांची संख्या आहे आणि अडचण काय होती तेही आहे. सोबत मुलांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलेल्या दोन ओळी असतील तर फारच उत्तम, मात्र त्या शिक्षकांनी फळ्यावर लिहून दिलेल्या नसाव्यात, आणि त्यातील ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दुरुस्त करण्याचा मोह टाळावा.

पत्र लिहिण्यापूर्वी एक चौकशी मात्र करावीच, ती म्हणजे नाव कसे लिहायचे. आमच्या केंद्रातील एका शाळेने मसाले आणि पापड करून विकणाऱ्या एका ताईंनी दिलेल्या चटयांबद्दलचे आभारपत्र त्यांच्या यजमानांच्या नावे लिहिले, कारण घर त्यांच्या नावावर होते. ताईंनी ते पत्र घेतले, पण धंदा त्यांचा, कमाई त्यांची आणि देण्याचा निर्णयही त्यांचा असताना कागदावर त्या कुठेच नव्हत्या. शिवणकाम करणाऱ्या, गिरणी चालवणाऱ्या, बचत गटातून व्यवसाय उभा केलेल्या बायकांच्या बाबतीत ही चूक वारंवार होते. काहींना दुकानाचे नाव हवे असते, काहींना दिवंगत आई-वडिलांच्या स्मरणार्थ असा उल्लेख हवा असतो, तर काहींना मुळीच नाव नको असते. गुप्तदानाची इच्छा असलेल्या माणसाला आग्रहाने व्यासपीठावर बोलावणे हा त्याचा सन्मान नव्हे. पावती आणि हिशेबात त्याची नोंद असावी आणि जाहीर यादीत "एक हितचिंतक" एवढेच असावे.

आता २६ जानेवारीच्या सत्काराविषयी. शालीला २००, नारळाला ४०, हाराला ६० आणि सन्मानचिन्हाला ३०० रुपये धरले तर एका व्यक्तीमागे ६०० आणि चौदा जणांचे ८,४०० रुपये होतात. त्यात फ्लेक्स आणि चहापाणी मिळवले की दहा हजारांच्या पुढे जाते. ही रक्कम शाळेला आलेल्या देणगीतून खर्च करणे मला सर्वस्वी अयोग्य वाटते, कारण ज्याने मुलांच्या वह्यांसाठी पैसे दिले त्याच्याच पैशांची शाल त्याच्या खांद्यावर घालण्यासारखे ते होते. एखाद्या पालकाने हा खर्च स्वतःहून उचलला तर गोष्ट वेगळी. एरवी गुलाबाचे फूल, मुलांनी तयार केलेले भेटकार्ड आणि एखादे छोटे पुस्तक यांनी सत्कार शोभून दिसतो. ज्या गावात श्रीफळाशिवाय मान दिल्यासारखे वाटत नाही तिथे नारळ अवश्य द्यावा, त्या भावनेला नावे ठेवण्याचे कारण नाही.

व्यासपीठावर नावे कोणत्या क्रमाने घ्यायची, यावरून रुसवे-फुगवे होतात. रकमेच्या क्रमाने नावे कधीही घेऊ नयेत. ज्या क्रमाने मदत रजिस्टरला नोंदली गेली त्या क्रमाने वाचावीत, आणि तसे निवेदनात आरंभीच सांगून टाकावे, म्हणजे बोलायला जागा राहत नाही. प्रत्येकाने काय दिले ते सांगावे, किंमत सांगू नये. मात्र हिशेबाची गोष्ट निराळी आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार शासन, स्थानिक प्राधिकरण किंवा अन्य कोणत्याही स्रोताकडून मिळालेल्या निधीच्या वापरावर लक्ष ठेवणे हे शाळा व्यवस्थापन समितीचे कामच आहे, आणि त्या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्यामुळे समितीच्या सभेत आणि सूचना फलकावर रकमेसह पूर्ण हिशेब असावा. आभारात आकडा नको आणि हिशेबात आकडा हवाच, ही दोन कामे वेगळी ठेवली म्हणजे पुष्कळ गैरसमज टळतात.

रोख रक्कम किंवा वस्तू न देता श्रम देणारे लोक या सगळ्यात हमखास विसरले जातात. वाळू आणून टाकणारा ट्रॅक्टरवाला, गणवेशाची उसवलेली शिवण फुकट घालून देणारा शिंपी, दोन रविवार शाळेच्या माळ्यावर चढून वायरी ओढणारा वायरमन यांच्या कामाची पावती फाडली जात नाही आणि म्हणून यादीतही नाव येत नाही. वास्तविक आपल्याकडील शिक्षणाचा मोठा भाग अशाच लहान हातांनी उभा केला आहे. १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांना गावोगावच्या घरांतून मूठ मूठ धान्य मिळत असे आणि त्याला मुष्टिफंड म्हणत. मुठीएवढ्या धान्याला कोनशिला लावता येत नाही, परंतु त्याची आठवण महाराष्ट्र अजून काढतो. श्रमदानासाठी शाळेने वेगळी वही ठेवावी आणि तीत तारीख, काम आणि किती वेळ लागला हे लिहावे. बाजारभावाने त्या मजुरीचे किती रुपये झाले असते हेही समितीच्या सभेत एकदा सांगावे, म्हणजे इतर सभासदांनाही त्या कामाचे मोल कळते.

नाव रंगवण्याची आपली हौस जुनी आहे. देवळातील पंख्याच्या तिन्ही पात्यांवर नावे वाचतच आपण लहानाचे मोठे झालो. शाळेत माझा याला विरोध नाही, पण प्रमाण सांभाळावे. वस्तूवर लहान अक्षरांत नाव आणि साल, आणि प्रवेशद्वाराजवळ एका फलकावर वर्षवार सर्वांची नावे सारख्या आकारात, एवढे पुरे. मुलांच्या वहीच्या मुखपृष्ठावर दुकानाची पूर्ण जाहिरात, फोन क्रमांक आणि मालकाचा फोटो नसावा, कारण ती वही मुलाची असते आणि वर्षभर त्याच्या दप्तरात राहते. वस्तू व सेवा कराच्या संदर्भात ११ ऑक्टोबर २०१९ रोजी निघालेले एक परिपत्रक या बाबतीत चांगली मोजपट्टी देते. धर्मादाय संस्थेला वैयक्तिक देणगी देणाऱ्याचे नाव केवळ कृतज्ञतेने लावले असेल, त्यातून त्याच्या व्यवसायाची जाहिरात होत नसेल आणि देण्यामागे व्यापारी लाभाचा हेतू नसेल, तर त्यावर कर लागत नाही, असे त्यात स्पष्ट केले आहे. डिजिटल फळ्याखाली देणाऱ्याच्या नावाने शुभेच्छा लिहिणे किंवा वडिलांच्या स्मरणार्थ असा मजकूर दारावर लिहिणे, अशी उदाहरणेही तिथे दिली आहेत. खासगी संस्थेच्या शाळांनी हे अवश्य ध्यानात ठेवावे. जिल्हा परिषद शाळेलाही फलकाचा मजकूर ठरवताना हाच प्रश्न विचारता येतो: हे वाचून मुलाला देणाऱ्याविषयी आदर वाटेल, की काय विकत घ्यावे हे कळेल?

खोलीला किंवा इमारतीला नाव देणे हा मोठा विषय आहे. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी महर्षी कर्वे यांच्या महिला विद्यापीठाला १५ लाख रुपयांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्री नाथीबाईंचे नाव मिळाले. संस्थेचे भवितव्य बदलणाऱ्या दानाला तो मान साजेसा होता. एका खोलीला रंग दिला म्हणून तिला नाव देण्याचे आश्वासन समितीने परस्पर देऊ नये. इमारत जिल्हा परिषदेची आहे, तेव्हा आधी गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी विचारावे आणि उत्तर येईपर्यंत देणगीदाराला आशा लावू नये.

कोणाचे नाव लावू नये, हेही सांगणे आवश्यक आहे. तंबाखूजन्य पदार्थांच्या जाहिरातीला आणि त्यांच्या प्रचारासाठीच्या प्रायोजकत्वाला २००३ च्या कायद्याने मनाई आहे, आणि शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत त्यांच्या विक्रीवरही बंदी आहे. स्निग्ध पदार्थ, मीठ आणि साखर जास्त असलेल्या खाद्यपदार्थांची शाळेच्या आवारात आणि ५० मीटरच्या परिसरात विक्री किंवा जाहिरात करू नये, असे अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे २०२० चे विनियम सांगतात. पानटपरी चालवणाऱ्या पालकाने शाळेचे मैदान साफ करायला यावे, त्याचे आभार इतरांइतक्याच आदराने मानावेत, पण टपरीचे नाव भिंतीवर नको, आणि हे त्याला बाजूला घेऊन आधीच समजावून सांगावे. माझा अनुभव असा आहे की नीट सांगितले तर माणसे हे मनापासून मान्य करतात. आचारसंहितेच्या काळात सत्कार समारंभ ठेवू नये, आणि देणगीदारांपैकी कोणी निवडणुकीला उभे राहणार असेल तर तारीख ठरवताना अधिकच काळजी घ्यावी.

मुलांच्या फोटोंबाबत मी अत्यंत आग्रही आहे. वह्या वाटपाचा तो नेहमीचा फोटो, ज्यात दाता आणि मूल दोघेही एकच वही धरून कॅमेऱ्याकडे पाहत असतात, तो काढू नये आणि "गरीब व गरजू विद्यार्थ्यांना वाटप" या मथळ्याने तर मुळीच पसरवू नये. त्या मुलाचे आई-वडीलही त्याच व्हॉट्सअ‍ॅप गटात असतात. देणगी शाळेला मिळालेली असते आणि शाळा ती सर्व मुलांना देते, त्यामुळे कोणत्याही एका मुलाला उपकाराखाली उभे करण्याचा अधिकार आपल्याला नाही. पंख्याखाली वाचत बसलेल्या वर्गाचा मागच्या बाजूने घेतलेला फोटो, रंगवलेली भिंत, किंवा चेहरे ओळखू न येणारे मुलांचे हात वहीवर लिहिताना, असे फोटो देणाऱ्यालाही अधिक समाधान देतात. ओळखू येणारा चेहरा असेल तर पालकांची लेखी संमती घ्यावी.

आयकराच्या सवलतीविषयी देणगीदार विचारतात, आणि उत्साहाच्या भरात "पावती देतो, सवलत मिळेल" असे सांगितले जाते. तसे सांगू नये. ज्याला आपण ८०जी म्हणतो ती सवलत मान्यताप्राप्त संस्थेला दिलेल्या पैशांवर असते. पंखे किंवा वह्या अशा वस्तूंवर ती मिळत नाही, आणि २,००० रुपयांपेक्षा जास्त रक्कम रोख दिली असेल तरीही मिळत नाही. मदत मान्यताप्राप्त न्यासामार्फत आली असेल तर प्रमाणपत्र त्या न्यासानेच द्यायचे असते. आभाराच्या पत्रात खोटे आश्वासन नको, एवढेच माझे म्हणणे आहे. आभाराच्या बदल्यात गिऱ्हाईक मिळवून देण्याचेही कबूल करू नये. गणवेश किंवा वह्या अमुक दुकानातूनच घ्या, असे पालकांना सांगितले की दान आणि सौदा यांत फरक उरत नाही, आणि ज्या दुकानदाराला यंदा जमले नाही त्याच्यावरही तो अन्याय होतो.

मला सर्वांत मनापासून सुचवावीशी वाटणारी गोष्ट खर्चाची नाही. त्या दुकानदाराला वर्गात बोलवावे, आणि सत्कारासाठी नव्हे तर शिकवण्यासाठी बोलवावे. ज्यांचे नळ आम्ही बिघडू दिले होते, त्याच हार्डवेअरवाल्यांना मी पुढच्या वर्षी एका शनिवारी पाचवीच्या वर्गात बोलावले. ते अर्धा इंच आणि पाऊण इंचाचे पाइपाचे तुकडे, सुतारी फूटपट्टी, ओळंबा आणि पाणसळ घेऊन आले. पाणसळीतला बुडबुडा मधोमध आला की फळी सपाट, हे मुलांनी स्वतः बाकावर ठेवून पाहिले, आणि शाळेतील एकही बाक सपाट नाही असा शोध लावला. मग त्यांनी एक गळका नळ उघडून वायसर कसा बदलायचा ते दाखवले आणि दोन मुलींनी तो लगेच बदलून पाहिला. जाताना ते मला म्हणाले की सातवीनंतर शाळा सुटली होती, आज पहिल्यांदा वर्गात फळ्यासमोर उभा राहिलो. त्यानंतर आमच्या शाळेचा एकही नळ खुंटी ठोकून बंद करावा लागला नाही, कारण मुलेच परस्पर त्यांच्या दुकानात वायसर आणायला जात.

तुमच्या चौदा जणांत रंगवाले असतील तर ते रंग मिसळून दाखवतील, किराणावाले वजनमापे आणि तोंडी हिशेब शिकवतील, आणि वायरमन विजेपासून सुरक्षित कसे राहावे हे कोणत्याही पुस्तकापेक्षा चांगले सांगतील. वर्षभरात महिन्याला एक असे ठरवले तरी दहा जण होतात.

शेवटचे काम १ मेच्या सुमारास करायचे आहे. त्या दिवसांत निकाल लागतात आणि वर्षाचा हिशेब पूर्ण होतो. एका पानावर कोणती वस्तू कोठे बसली, काय संपले, काय मोडले आणि ते दुरुस्त झाले की नाही, हे लिहून त्या पानाची प्रत प्रत्येक देणगीदाराला पोहोचवावी. मोडलेले लपवू नये. जूनमध्ये शाळा उघडताना पुन्हा मदतीसाठी जायची वेळ येतेच, आणि त्याआधी एकदा तरी काहीही न मागता नुसते सांगायला गेलेलो असावे. एखादी मोठी कंपनी सामाजिक दायित्वाच्या निधीतून मदत करते तेव्हा ती विनियोगाचा अहवाल मागूनच घेते. कोपऱ्यावरचा दुकानदार मागत नाही, म्हणून त्याला तो न मागता द्यावा.

तूर्त तुमच्यासमोर २६ जानेवारी आहे. त्याआधी त्या वायरमनच्या कामाची नोंद श्रमदानाच्या वहीत झाली आहे का ते पाहावे, त्यांचे पूर्ण नाव त्यांनाच विचारून लिहून घ्यावे, आणि ध्वजवंदनानंतर नावे वाचली जातील तेव्हा ते रजिस्टरच्या क्रमानेच, पंखे देणाऱ्यांच्या रांगेत बसलेले असावेत.